हप्त्याखालचा टेकू

अनुदान कसं जातं हे आपल्याला गॅसच्या सिलिंडरनं दाखवून दिलं आहे. मे 2020 पासून बहुतेक घरांच्या बँक खात्यात अनुदानाची रक्कम येणं थांबलं. मोर्चा निघाला नाही, बंद पुकारला गेला नाही. बँकेचा मेसेज येईनासा झाला, एवढंच. आरोग्यविम्याचं अनुदानही असंच गुपचूप येतं आणि गुपचूप जातं. मात्र इथं एक भानगड जास्तीची आहे. आपल्या हप्त्याखाली कुणीतरी टेकू दिलेला आहे, हेच अनेकांना ठाऊक नसतं.

अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनपासून विमको नाक्यापर्यंत कुणालाही विचारून पाहा, की बाबा, तुझ्या आरोग्यविम्याला सरकारी अनुदान आहे का? ‘छे, आम्हाला कोण देतंय!’ हेच उत्तर मिळेल. प्रत्यक्षात मोरिवली एमआयडीसीतल्या कामगाराच्या पगारातून ईएसआय कापला जातो, तेव्हा त्याच्या चौपटीहून जास्त रक्कम मालक भरत असतो. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या उपचारांचा भार केंद्र सरकार उचलतं. रिक्षावाल्याच्या घरचं रेशनकार्ड हेच त्याचं विम्याचं कार्ड असतं आणि त्याचा हप्ता मंत्रालयातून जातो. स्वतःच्या खिशातून पॉलिसी घेणाऱ्या बँकवाल्याला आयकरात सूट मिळत आली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही माफ झाला. काटेकोर बोलायचं तर या सगळ्याला अनुदान म्हणता येणार नाही. मालकाचा वाटा हा कायद्यानं ठरलेला वाटा आहे. पण घराच्या खर्चाच्या वहीत त्याचा परिणाम एकच होतो. खरी किंमत दिसत नाही, दिसतो तो फक्त आपला वाटा. टेकू निघाला की ती किंमत एकदम समोर उभी राहते.

याचा सर्वांत उघडा प्रयोग नुकताच अमेरिकेत झाला, म्हणून आधी तिकडे बघू. तिथं ज्याला नोकरीतून विमा मिळत नाही त्यानं सरकारनं उभारलेल्या बाजारातून स्वतःची पॉलिसी घ्यायची आणि उत्पन्नाप्रमाणे सरकारनं हप्त्याचा काही भाग करसवलतीच्या रूपानं उचलायचा, अशी पद्धत 2014 पासून आहे. कोविडच्या काळात, मार्च 2021 मध्ये, ही मदत वाढवण्यात आली. उत्पन्न कितीही असलं तरी ठरावीक दर्जाच्या पॉलिसीसाठी त्याच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावं लागू नये, अशी तजवीज झाली. 2022 च्या कायद्यानं तिची मुदत 2025 अखेरपर्यंत नेली. मुदत संपत आली तसा वाद पेटला. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 असे 43 दिवस तिथलं सरकारी कामकाज ठप्प होतं, आणि भांडणाच्या मुळाशी मुख्यतः हाच विषय होता. शेवटी 31 डिसेंबरला वाढीव मदत संपली. आरोग्यखर्चाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेचा अंदाज असा, की मदत घेणाऱ्या माणसाला वर्षाला सरासरी 888 डॉलर भरावे लागत होते, तिथं 1,904 डॉलर भरावे लागतील. या बाजारातल्या सुमारे 2 कोटी 40 लाख लोकांपैकी 2 कोटी 20 लाखांच्या आसपास लोक अशी मदत घेत होते.

यात दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. विमा कंपन्यांनी 2026 साठी दर वाढवले ते वेगळंच. पण माणसाच्या खिशाला बसलेला फटका मुख्यतः मदत आटल्याचा आहे. आणि दुसरी गोष्ट रेषेची. जुन्या नियमात मदतीला वरची मर्यादा होती, ती पुन्हा लागू झाली. एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न 62,600 डॉलरपर्यंत असेल तर काही मदत मिळते. त्यावर एक डॉलर गेला की शून्य. साठीच्या घरातल्या, नोकरी सोडलेल्या माणसाचा हप्ता मुळातच जबर असतो. त्याच्यासाठी तो एक डॉलर काही हजार डॉलरला पडतो.

आपल्याकडच्या घरांशी याचा संबंध दूरचा नाही. बदलापूर-अंबरनाथची कितीतरी मुलं तिकडे स्थिरावली आणि त्यांनी आईवडिलांना ग्रीन कार्डावर बोलावून घेतलं. अशा आईवडिलांना पहिली पाच वर्षं तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात पैसे भरूनही शिरता येत नाही. त्यामुळे या बाजारातली पॉलिसी आणि तिच्यावरची मदत हाच त्यांचा आधार असायचा. जुलै 2025 च्या कायद्यानं त्यातही पाचर मारली: ज्यांचं स्वतःचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली आहे आणि जे केवळ नव्यानं आल्यामुळे गरिबांच्या सरकारी योजनेत बसत नाहीत, त्यांची मदत 2026 पासून बंद झाली. इथली पेन्शन रुपयांत घेणारे, तिथं नावावर काहीच उत्पन्न नसणारे आजीआजोबा नेमके याच खणात पडतात.

आता गाडी परत अंबरनाथला आणू, कारण आपल्याकडेही तशीच एक रेषा आहे आणि तिच्याबद्दल कुठं फारसं लिहिलं जात नाही. ती आहे 21,000 रुपयांची.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. मूळ कायदा 1948 चा. महाराष्ट्रात योजना 1954 मध्ये आली. ज्याचा महिन्याचा पगार 21,000 पर्यंत, तो योजनेत. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे. त्याआधी ती 15,000 होती. 1 जुलै 2019 पासून कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के कापले जातात. औषधोपचारावरच्या खर्चाचा आठवा हिस्सा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, राज्य सरकारनं द्यायचा असतो. बदल्यात कामगार, त्याची बायको, मुलं आणि ज्यांचं महिन्याचं उत्पन्न 9,000 च्या आत आहे असे त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना दवाखाना, औषधं, शस्त्रक्रिया, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार, सगळं मिळतं. वयाप्रमाणे हप्ता वाढत नाही. जुन्या आजारासाठी थांबावं लागत नाही.

मोरिवलीतल्या एका मध्यम कारखान्याचं पगारपत्रक डोळ्यांसमोर आणा. चाळिशीतला ऑपरेटर, पगार 20,800. ईएसआयच्या रकान्यात त्याचे 156 रुपये. मालकाचे 676, ते या चिठ्ठीवर दिसतही नाहीत. दोन्ही मिळून महिन्याला 832, वर्षाला 9,984. एवढ्यात सहा माणसांचं कुटुंब झाकलं जातं. एप्रिलमध्ये त्याला 800 रुपये वाढ मिळते आणि पगार होतो 21,600. वर्षाला 9,600 जास्त. ईएसआयचे 156 कापले जाणार नाहीत म्हणून आणखी 1,872. एकूण 11,472 रुपये हातात जास्त आले, म्हणून घरात पेढे. आता बाजारात जाऊन तेवढंच संरक्षण विकत घ्या. नवरा-बायको आणि दोन मुलांसाठी 5 लाखांची साधी पॉलिसी 15-20 हजारांच्या घरात जाते. आईवडील पासष्टच्या पुढचे असतील तर त्या दोघांची 40-50 हजारांना, आणि तीही मधुमेह नसेल तर. कंपनी, वय, शहर यांप्रमाणे आकडे पुढेमागे होतील, पण वाढ आणि तोटा यांचं गणित जुळणार नाही. आठशे रुपयांची पगारवाढ या घराला उलट पडली.

ज्यांचं रोजचं काम हेच आहे ते अकाउंट खात्यातले लोक हे पक्कं ओळखून असतात. पगार 20,900 वर थांबवा आणि बाकीचं दुसऱ्या कुठल्या नावानं द्या, अशी विनवणी कामगारच करतात, हे एमआयडीसीत नवीन नाही. ओव्हरटाइमची गंमत तर आणखी वेगळी. तो मर्यादेत धरत नाहीत. पण त्यावर वर्गणी मात्र कापतात.

रेषा ओलांडली म्हणजे दुसऱ्या दिवशी दार बंद, असंही नाही. वर्षाचे वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पगार मध्येच वाढला तर चालू काळ संपेपर्यंत वर्गणी भरायची आणि योजनेत राहायचं. शिवाय ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. म्हणजे एप्रिलपासून नाव निघालं तरी डिसेंबरअखेरपर्यंत उपचारांचा हक्क उरतो. हे नऊ महिने म्हणजे सोन्यासारखी संधी. पण बहुतेक जण ती झोपेत घालवतात. संधी अशासाठी, की ईएसआयमधून खासगी पॉलिसीत जाताना आधीची वर्षं मोजली जात नाहीत. नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. 1 एप्रिल 2024 पर्यंत ही मुदत चार वर्षांची होती. टेकू निघाल्याची किंमत रुपयांइतकीच या थांबण्यात मोजावी लागते, आणि हप्त्याची चर्चा करताना ही बाजू हमखास राहून जाते.

ईएसआयबद्दल तक्रारी काय कमी आहेत? दवाखान्यात औषध नसतं, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळायला चकरा माराव्या लागतात, उल्हासनगरचं कामगार रुग्णालय हा तर इथल्या कामगारांच्या बोलण्यातला कायमचा विषय. ‘असून नसून सारखंच’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण ते म्हणणाऱ्यांपैकी कुणी आठवड्याला तीन डायलिसिसवर असलेल्या घरातला नसतो.

निवृत्तीनंतरचं एक कलम तर बहुतेकांच्या गावीच नसतं. निवृत्तीआधी किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला, वर्षाला 120 रुपये भरून, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये! अडचण अशी होती, की शेवटच्या वर्षांत पगार रेषेच्या वर गेला की हा हक्कही जायचा; म्हणजे तीस वर्षं वर्गणी भरलेला माणूस अखेरच्या दोन बढत्यांमुळे बाहेर. फेब्रुवारी 2024 मध्ये ईएसआय चालवणाऱ्या महामंडळानं ही अट सैल केली. 1 एप्रिल 2012 नंतर किमान पाच वर्षं योजनेत असलेला आणि 1 एप्रिल 2017 नंतर 30,000 पर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेला माणूसही आता पात्र धरायचा, असा तो निर्णय. महामंडळानं स्वतःच 30,000 चा आकडा निवृत्तांसाठी मान्य केला आहे. मग कामावर असलेल्यांसाठी 21,000 कशाला धरून बसायचं, हे कोडं मला सुटलेलं नाही. मर्यादा वाढवा, ही कामगार संघटनांची मागणी जुनीच आहे.

ईएसआयमध्ये काही प्रमाणात तरी वर्गणी असते. जिथं हप्त्याचा पैसा न पैसा सरकारचा असतो, तिथं टेकू निघण्याची तऱ्हाच वेगळी. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ठाणे जिल्हा त्या आठांत नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर 2013 मध्ये, राज्यभर झाली तेव्हा पोहोचली. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला दीड लाखाचं संरक्षण, आणि कुटुंबामागे वर्षाला 333 रुपये हप्ता, जो राज्य सरकार विमा कंपनीला द्यायचं. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयानं संरक्षण 5 लाख झालं आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली. प्रत्यक्ष अंमल 1 जुलै 2024 पासून. दरम्यान हप्ता 797 रुपयांवर आला होता, तो 1,300 झाला. त्याआधी पांढरं रेशनकार्ड बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी, पत्त्याचा पुरावा म्हणून पडलेलं असायचं. आता तेही विम्याचं कार्ड झालं.

पाच लाखांचं संरक्षण अख्ख्या कुटुंबाला 1,300 रुपयांत, आणि तेच आपण बाजारात घ्यायला गेलो तर 15-20 हजार. हे कसं काय? एक तर सरकारी योजनेत दर ठरलेले असतात. कुठल्या शस्त्रक्रियेला किती, ते रुग्णालयानं नव्हे, योजनेनं ठरवायचं. ठरलेल्या यादीबाहेरचा आजार घेतला जात नाही. दलाली नाही, जाहिरात नाही, वैद्यकीय तपासणी नाही. खासगी खोली नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निरोगी-आजारी, तरुण-म्हातारे सगळे आपोआप आत असतात, त्यामुळे आजारी माणसंच तेवढी गोळा होण्याची भीती नसते. खासगी पॉलिसीच्या हप्त्यात या प्रत्येक गोष्टीची किंमत मिसळलेली असते.

या स्वस्ताईची दुसरी बाजू रुग्णालयाच्या खिडकीवर दिसते. दर कमी, पैसे मिळायला उशीर, म्हणून खासगी रुग्णालयं योजनेत यायला नाखूश असतात. आली तरी खाटा मोजक्याच ठेवतात. रुग्णालयात योजनेचा मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बसलेला असतो. त्याच्यासमोर आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स घेऊन उभ्या असलेल्या मुलाला कळतं, की बाबांचा आजार यादीत आहे खरा, पण हे रुग्णालय त्या विभागासाठी योजनेत नाही. मग पुढचं ठिकाण कळवा, ठाणे, नाहीतर थेट परळ. अंबरनाथ पश्चिमेत छाया रुग्णालय आहे, उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे, जिथं बदलापूर-कर्जतपासून माणसं येतात. 9 ऑक्टोबर 2024 ला अंबरनाथच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. कार्डाला खरा अर्थ येईल तो अशा ठिकाणी मोठ्या शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर. तोवर ज्याला परवडतं तो खासगी पॉलिसी घेतच राहणार. कागदावर 5 लाख प्रत्येकाकडे असताना माणूस वर्षाला 20 हजार भरतो, ते जवळच्या रुग्णालयात अनामत न मागता दाखल करून घेतील या भरवशासाठी.

हा पूर्ण सरकारी टेकू निघतो तेव्हा काय होतं, त्याचा छोटा नमुना कोविडमध्ये दिसला होता. 23 मे 2020 च्या निर्णयानं फुले योजनेची दारं राज्यातल्या सगळ्यांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, उघडली. मुदत होती 31 जुलैपर्यंत. ती पुढे वाढत गेली आणि लाट ओसरल्यावर संपली. पांढरी कार्डं पुन्हा बाहेर गेली, ती थेट जुलै 2024 पर्यंत. ‘तुमचा हप्ता वाढला, भरता का?’ असं विचारणारी चिठ्ठी कुणाला आली नाही, येणारही नव्हती. ज्याचा हप्ता पूर्ण सरकारचा, त्याच्या हातात नूतनीकरणाचा पर्यायच नसतो. अमेरिकेतल्या माणसाला निदान दुप्पट भरून टिकता येतं.

गरिबांनी थोडं भरायचं, सरकारनं थोडं घालायचं, असे प्रयोग आपल्याकडेही झाले आहेत. 2003 मध्ये केंद्रानं चार सरकारी विमा कंपन्यांमार्फत एक योजना काढली. दिवसाला एक रुपया, वर्षाला 365, पाच जणांच्या कुटुंबाला 548, आणि 30 हजारांचं संरक्षण. दारिद्र्यरेषेखालच्यांना सुरुवातीला फक्त 100 रुपये सूट होती. ती पुरेना, म्हणून पुढच्या वर्षी सूट वाढवून एकट्याचा हप्ता 165 वर आणला, तरीही गरिबांच्या वस्त्यांत तिचं नाव फारसं पोहोचलं नाही. 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबानं फक्त 30 रुपये नोंदणी शुल्क भरायचं होतं; महाराष्ट्रात जीवनदायी आल्यावर ती मागे पडली.

माझ्या मते यातला सर्वांत शिकवून जाणारा अनुभव शेजारच्या कर्नाटकातला आहे, आणि बेळगाव भागातले सहकारी सोसायट्यांचे मराठी सभासद त्याचे वाटेकरी आहेत. यशस्विनी योजना 2003 मध्ये सुरू झाली. सोसायटीच्या सभासदानं वर्षाला 60 रुपये भरायचे, वर सरकारची भर. पहिल्या वर्षी 16 लाखांच्या आसपास लोक आले, दुसऱ्या वर्षी 20 लाखांच्या वर. मग सरकारची भर कमी होत गेली आणि तिसऱ्या वर्षी वर्गणी 60 ची 120 झाली. सभासद साडेचौदा लाखांपर्यंत खाली आले. साठ रुपयांची वाढ, तीही वर्षाला! पण गळाले कोण ते पाहा. ज्याच्या घरी शस्त्रक्रिया ठरलेली आहे तो 120 काय, 500 भरूनही राहील. धडधाकट माणूस पहिला उठून जातो. उरलेल्यांत आजारी जास्त, म्हणून पुढच्या वर्षी दर आणखी वाढवावा लागतो. 2018 मध्ये ही योजना दुसऱ्या सरकारी योजनेत विलीन झाली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये, ग्रामीण कुटुंबाला 500 रुपये वर्गणीवर, पुन्हा सुरू करावी लागली. अनुदान निघाल्यावर हप्ता निघालेल्या अनुदानापेक्षा जास्त का वाढतो, याचं उत्तर या गळतीत आहे. अमेरिकेतल्या कंपन्यांनी 2026 चे दर ठरवताना हीच गळती आधी धरून ठेवली होती.

स्वतःच्या खिशातून पॉलिसी घेणारे आपल्याकडे मुळात थोडे. देशात ज्यांना कुठला ना कुठला आरोग्यविमा आहे, त्यांत वैयक्तिक पॉलिसीवाले सुमारे दहावा हिस्सा; बाकी सरकारी योजना आणि नोकरीतले गट. या दहाव्या हिश्श्याला सरकारनं दोन मार्गांनी हात दिला. जुना मार्ग आयकरातल्या 80डी कलमाचा. स्वतःच्या कुटुंबासाठी 25,000 पर्यंत, ज्येष्ठ आईवडिलांसाठी आणखी 50,000 पर्यंत हप्ता उत्पन्नातून वजा. वीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाचे 25,000 च्या हप्त्यामागे उपकरासकट 5,200 वाचायचे. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, आणि 2023-24 पासून नवी पद्धत हीच मूळ धरली जाते. 12 लाखांपर्यंत कर शून्य झाल्यामुळे बहुतेकांना याचं काही वाटलं नाही. पण मार्च उजाडला की ‘टॅक्स वाचवायला एखादी पॉलिसी घ्या’ म्हणत दारात येणारा एजंट निष्प्रभ झाला, आणि खरं सांगायचं तर इथल्या मध्यमवर्गातल्या कित्येकांनी पहिली पॉलिसी त्याच्याच आग्रहानं घेतली होती. ही टोचणी होती, तीही गेली.

दुसरा मार्ग ताजा. जुलै 2017 पासून हप्त्यावर 18 टक्के जीएसटी होता. 3 सप्टेंबर 2025 च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत वैयक्तिक पॉलिसींवरचा तो काढायचं ठरलं आणि 22 सप्टेंबरला अंमल झाला. गटविम्यावरचा मात्र राहिला. आता नूतनीकरणाची एक नोटीस वाचू. समजा गेल्या वर्षी मूळ हप्ता 22,000 आणि कर 3,960, असे 25,960 भरले होते. यंदा कराच्या ओळीत शून्य. म्हणजे 22,000? तसं नाही. घरातला थोरला पंचेचाळीसचा सेहेचाळीस झाला, वयाचा टप्पा बदलला, मूळ हप्ता 24,600. वाचले 1,360. शिवाय कर गेला तसं विमा कंपन्यांचं त्यांनी स्वतः भरलेल्या करावरचं क्रेडिटही गेलं. तो बोजा तीन ते पाच टक्के दरवाढीइतका होईल असा अंदाज तेव्हा जाणकारांनी मांडला होता; काही कंपन्यांनी तो एजंटांच्या कमिशनमधून वळता केला. करमाफी ही एकदाच मिळणारी सूट आहे. हप्ता मात्र दर वर्षी चढतो, आणि दोन-तीन नूतनीकरणांत ती सूट त्या चढात विरून जाते.

हे सगळे तुकडे शेजारी ठेवले की एक भोक स्पष्ट दिसतं. सत्तर वर्षं पुरी झाली की 29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्राचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न न विचारता, 5 लाखांचं; ईएसआयवाल्यांना आणि खासगी पॉलिसी असलेल्यांनाही. खासगी नोकरी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी संपते, आणि तिच्याबरोबर कंपनीचा गटविमाही. मधली बारा वर्षं ही नेमकी रक्तदाब, साखर, गुडघे आणि हृदयाची वर्षं, आणि नेमकी हीच वर्षं हप्ता सर्वांत वेगानं चढण्याची. विमा नियामकानं 30 जानेवारी 2025 ला कंपन्यांना बजावलं, की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. ठीक आहे. पण दर वर्षी दहा टक्के म्हटले तरी सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो. ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या निवृत्तांना हे भोक जाणवत नाही. त्यांना केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड घेता येतं. रस्त्याच्या पलीकडच्या सोसायटीत राहणाऱ्या, विमकोसारख्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या माणसाला ते नाही. उल्हासनगरच्या घराघरांत जीन्स शिवणाऱ्या कारागिरांना तर ईएसआयही कधी नव्हता, म्हणून त्यांचं जायचं काही राहिलंच नाही. त्यांच्याकडे आहे ते फक्त फुले योजनेचं कार्ड.

सरकारनं तिजोरी उघडी टाकावी असं माझं म्हणणं नाही. रेषेच्या जागी उतार असावा, एवढंच म्हणणं आहे. 21,000 च्या वर गेलेल्या कामगाराला, हवं असेल तर, स्वतःचा आणि मालकाचा असे दोन्ही वाटे भरून ईएसआयमध्ये राहू द्यायला काय हरकत आहे? मर्यादेवर ती रक्कम महिन्याला 840 होते, वर्षाला 10,080. महामंडळाचं नुकसान नाही. उलट चांगला पगार मिळवणारा, तुलनेनं धडधाकट सभासद टिकतो, जो यशस्विनीत पहिला उठून गेला होता. दरम्यान 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाडं, प्रवास असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापर्यंत वेतनात धरायचे नाहीत. ही व्याख्या ईएसआयच्या मर्यादेला जशीच्या तशी लागली, तर आज बाहेर असलेले पुष्कळ जण आपोआप परत आत येतील आणि काहींना ते नकोसंही वाटेल.

तोवर एप्रिलच्या पगारपत्रकात ईएसआयचा रकाना रिकामा दिसला, तर आधी आईवडिलांची पॉलिसी बघावी. मुलांची चार महिन्यांनी घेतली तरी चालते. आईवडिलांच्या साखरेसाठी थांबायची तीन वर्षं पॉलिसी निघाल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि जुना हक्क डिसेंबरअखेरपर्यंत चालू असतो, त्यामुळे त्यातले पहिले काही महिने तरी उघड्यावर काढावे लागत नाहीत. साखर आहे हे अर्जात स्पष्ट लिहावं. लपवलं तर पाच वर्षांपर्यंत कंपनी त्यावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. आणि कंपनीचा गटविमा सुटत असेल तर सुटायच्या आधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागावा. तशी सोय नियमात आहे, आणि गटात काढलेली वर्षं तिथं धरली जातात.